इंजिन उलटं फिरलं तेव्हा

ही गोष्ट खरी आहे. पुरावा मागू नका, माझ्याकडे नाही.

त्या दिवशी तिथे आम्ही चौघं होतो. त्यातले दातांचे डॉक्टर आजही रस्त्यात भेटले की हवापाण्याचं बोलून सटकतात. आई विषय काढू देत नाही. आणि चौथा माणूस आता आमच्याकडे येत नाही.

राहिले मी. म्हणून मी सांगते.

रात्र नव्हती, हे आधीच सांगून टाकते. भर दुपार होती. उन्हानं डांबर चिकट झालं होतं. आणि जागा म्हणजे आमचं गॅरेज. घाटाचा उतार जिथे संपतो तिथेच ते आहे. पत्र्याचं शटर, आत लांबलचक टेबल, मागे लोखंडी जिना आणि वर माळा. माळ्यावर माझं शिलाई मशीन. मी मोटारसायकलींच्या सीट शिवते. खाली इंजिनं, वर मी.

गॅरेज बाबांचं आणि कार्बनकाकाचं, भागीतलं. काका माझा सख्खा नाही, बाबांचा मित्र. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या सायलेन्सरमधला कार्बन खरवडून खरवडून त्याची बोटं कायमची काळी झाली होती, म्हणून ते नाव. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर मला गाडी शिकवली काकानं. शाळेत पालक म्हणून सही करायला आला काका. माझ्या मागे लागलेल्या एका मुलाला, "हा गिअर टाकताना तोंड वाकडं करतो, संसार कसला करणार," म्हणून पळवून लावलं तेही काकानंच. रोज रात्री आमच्याकडे जेवायचा. आईच्या समोरच्या खुर्चीत.

बाबा कसे गेले ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पेट्रोलबरोबर ते आत जातं, पिस्टनला वंगण देतं आणि निळा धूर होऊन बाहेर पडतं. "धूर दिसतोय ना, मग झोप निवांत," असं बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे. ऑइल नसलं तर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला घट्ट धरून बसतो. इंजिन जाम. इंजिन जाम म्हणजे मागचं चाक जाम.

आणि हे उतारावर झालं, वळणावर झालं, तर...

बाबांचं तसंच झालं.

त्या सकाळी दोघं घाटमाथ्यावर गेले होते. बाबा त्यांच्या लाडक्या गाडीवर, काका दुसरीवर, बरोबर पेट्रोलचा कॅन, ऑइल आणि ते मोजायचं माप. वर टाकी भरली. बाबा आधी निघाले. गॅरेजच्या वरचं शेवटचं वळण तेवढं राहिलं होतं.

टाकी तपासली तेव्हा आत नुसतं पेट्रोल निघालं. ऑइलचा थेंब नाही.

"टाकी त्यानंच भरली," काका सगळ्यांना म्हणाला. "मी माझ्या गाडीचा प्लग बघत होतो. एकदा विचारायला हवं होतं मी त्याला." असं म्हणून तो भिंतीवर डोकं आपटून रडला होता. मी पाहिलंय.

लोक म्हणाले, विसरला बिचारा. आईनं ते कधीच मानलं नाही.

"तो माझा वाढदिवस विसरेल. ऑइल विसरणार नाही," ती म्हणायची. शेवटचे काही आठवडे बाबा घुम्यासारखे वागत होते. रात्र रात्र जागे असायचे. आईनं सगळ्याची बेरीज केली आणि जे उत्तर आलं ते एकदाच मला सांगितलं.

"मुद्दाम केलं त्यानं. आपल्याला टाकून गेला."

आमच्या घरात बाबांचा फोटो लागला नाही. आणि आई हे बोलली तेव्हा काका समोरच बसला होता. खाली मान घालून जेवत होता.

गाडी गॅरेजमध्ये मागे ताडपत्रीखाली पडून राहिली. तशी गाडी आता बघायला मिळत नाही. बाहेरून एकच सिलिंडर दिसतो, पण आत पिस्टन दोन. दोघांना मिळून जाळ एकच, स्पार्क प्लग एकच. एक पिस्टन जरा पुढे धावतो आणि धुराची वाट आधी उघडतो. दुसरा मागून येतो आणि ताजं पेट्रोल आत घेतो. त्यामुळे तिचा आवाजही बाकीच्या टू-स्ट्रोकसारखा फटफट नाही. कुणीतरी घशात पाणी धरून गुळण्या कराव्यात तसा, खोल.

त्या आवाजावर मी लहानपणी झोपायचे. बाबा घरी आलेत हे त्यावरून कळायचं.

यंदा ते दातांचे डॉक्टर आले. जुन्या गाड्यांचा भारी शौक. गाड्यांचं प्रदर्शन भरवणार होते. ताडपत्री उचलून आत पाहिलं आणि लहान मुलासारखे खालीच बसले.

आई म्हणाली, "चालू करून घेऊन जा. माझ्या डोळ्यांसमोरून गेली म्हणजे सुटले."

काका एकदम चिडला. "त्या इंजिनात कुणी हात घालायचा नाही!"

काकाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं, मित्राची आठवण. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

"भाऊजी," आई शांतपणे म्हणाली, "तुम्ही नाही केलं तर दुसरा कुणी करेल."

मग काकानं इंजिन उतरवलं.

आणि ते सुरू झालं...

काका सिलिंडर आतून घासून घ्यायला लेथवाल्या टर्नरकडे गेला होता. मी माळ्यावर शिवत होते. गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

घाटाकडून आवाज आला.

खोल. घशात पाणी धरल्यासारखा...

माझं मशीन थांबलं. मी वाकून खाली पाहिलं. गाडी स्टँडवर होती. इंजिनाच्या जागी मोकळी पोकळी. त्या पोकळीतून पलीकडची भिंत दिसत होती.

आवाज जवळ येत होता. उतारावर थ्रॉटल सोडल्यावर येतो तसा, अडखळत... अडखळत...

मग एक किंकाळी. माणसाची नाही. लोखंडाची.

मग काहीच नाही.

मी कान देऊन बसले. गाडी पडल्याचा, आपटल्याचा आवाज यायला हवा होता. तो आलाच नाही. फक्त पेट्रोलचा वास आला. कोरा वास. जळलेल्या ऑइलचा जरासुद्धा नाही.

काका परतल्यावर मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ऊन लागलंय तुला. पाणी पी." पण सिलिंडर त्यानं खाली ठेवलाच नाही, तसाच छातीशी धरून उभा राहिला.

पुढे ऑइलच्या मापाचं सुरू झालं.

लांब चोचीचं पत्र्याचं माप होतं आमचं. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं ते. एरवी फळीवर असायचं. एका सकाळी ते टेबलावर काकाच्या जागेसमोर होतं. काठोकाठ भरलेलं.

"तू ठेवलंस का गं हे?"

"मी कशाला ठेवू?"

काकानं ऑइल परत डब्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी माप पुन्हा तिथेच. पुन्हा भरलेलं. मग मात्र काका ते घेऊन बाहेर गेला आणि रस्त्यापलीकडच्या कोरड्या ओढ्यात फेकून आला. मी माळ्यावरून पाहिलं. नेम धरून नाही, घाबरून फेकलं त्यानं.

सकाळी शटर मीच उघडलं.

माप टेबलावर होतं. भरलेलं. बाहेरून धुळीनं माखलेलं. त्या धुळीवर बोटाचा एकही ठसा नव्हता...

काका माझ्यामागे उभा होता. त्यानं मापाकडे पाहिलंच नाही. तो दाराकडे बघत होता. तिथे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखा.

"काका, काय आहे हे?"

"काही नाही," तो म्हणाला. "इंजिन आज बसवून टाकू. एकदाचं होऊन जाऊ दे."

इंजिन बसलं. डॉक्टरांना फोन केला, ते धावत आले. आणि त्यांच्यामागे आई आली. बाबा गेल्यापासून तिनं गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशीही ती आत आली नाही. शटरच्या सावलीत उभी राहिली.

टाकी मी स्वतः भरली. लालभडक ऑइल, मापानं मोजून, पेट्रोलमध्ये ढवळून. डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते. हे लक्षात ठेवा.

काकानं किक मारली. काही नाही.

पुन्हा मारली. काही नाही.

मग पुन्हा मारली आणि किकनं त्याचा पाय असा काही उलटा झुगारला की तो टेबलावर जाऊन आदळला.

इंजिन सुरू झालं होतं.

डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. "वा! आणि धूर बघा, अजिबात नाही! काय हात आहे हो तुमचा!"

नव्यानं बांधलेल्या इंजिनाला, एवढ्या ऑइलवर, धूर नाही?

आवाजही बरोबर नव्हता. गुळणी बाहेर टाकावी तसा नाही... आत ओढून घ्यावी तसा.

काका टेबलाला धरूनच उभा होता. पण डॉक्टर म्हणाले, जरा रस्त्यावर घ्या. काका बसला. पहिला गिअर टाकला. क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

डॉक्टर खो खो हसायला लागले. "उलटं फिरलं! टू-स्ट्रोकची गंमतच आहे ही. किकनं दगा दिला की इंजिन उलटंच सुरू होतं आणि गाडी मागे पळते. बंद करा, बंद करा!"

खरं आहे ते. साधं टू-स्ट्रोक उलटं फिरू शकतं. काकानंच मला लहानपणी ती गंमत करून दाखवली होती. पण या गाडीत दोन पिस्टन. कुणी आधी जायचं आणि कुणी मागून यायचं, हे त्यांचं ठरलेलं. उलटं फिरवलं तर सगळा क्रमच बिघडतो. हे इंजिन उलटं चालतच नाही. चुकून चाललं तरी दोन आचके देऊन मरतं. हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांचं हसू मध्येच तुटलं ते त्यामुळे.

काकानं चावी फिरवली. चावी काढून हातात घेतली.

इंजिन थांबलं नाही.

गाडी मागे मागे शटरबाहेर गेली. आई बाजूला झाली. गाडीनं शेपूट घाटाकडे वळवलं... आणि ती चढ चढायला लागली. उलटी. काकाला घेऊन. त्याचं तोंड आमच्याकडे.

मी ओरडले, "काका, क्लच दाब! उडी मार!"

त्यानं क्लच दाबलेलाच होता. लिव्हर हँडलला चिकटलेली मला दिसत होती. क्लच दाबल्यावर इंजिनाचा आणि चाकाचा संबंध संपतो. कुठलीही गाडी असो.

गाडी चढत राहिली.

आम्ही तिघं मागून धावलो. डॉक्टर धापा टाकत अर्ध्यातच बसले. आई माझ्या पुढे होती. ज्या बाईला दोन जिने चढवत नाहीत, ती.

वळणावर कठड्याशी गाडी थांबली. इंजिन आपोआप विझलं.

एकदम शांत. पाखराचाही आवाज नाही.

काका गाडीवर बसून होता. तो बोलत होता. पण आमच्याशी नाही. कठड्याकडे बघून बोलत होता, आणि कठड्यावर कुणीही नव्हतं.

"हो," काका म्हणाला. "मीच भरली."

मग थांबला. कुणीतरी काही विचारल्यासारखा.

"विसरलो नाही रे. माप हातात होतं माझ्या. ओतलं नाही."

पुन्हा थांबला.

"मला काय माहीत, वळणावर जाम होईल! मला वाटलं, तू खाली पोचशील, जरा पुढे गेल्यावर इंजिन जाईल. मला तुझं इंजिन मारायचं होतं. तुला नाही. शप्पथ तुला नाही."

आईनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

"तू चालला होतास," काका रडायला लागला होता. "गॅरेजमधला तुझा हिस्सा दुसऱ्याला देऊन परमुलखात नोकरीवर चालला होतास. मला कुणाकडून कळावं? स्पेअरपार्टवाल्याकडून? ज्या टेबलावर आपण दोघं..." त्यानं मान वर केली. "वहिनींनासुद्धा सांगितलं नव्हतंस ना? मला वाटलंच."

आईचा हात सुटला.

बराच वेळ काका ऐकत राहिला. मान हलवत होता. मध्येच हसला. अगदी माझ्या लहानपणी तो आणि बाबा हसायचे तसं, नाकातून. ते हसणं एकट्यानं हसायचं हसणं नव्हतं.

मग तो उतरला आणि आमच्याकडे वळला. चेहरा धुतल्यासारखा मोकळा.

"वहिनी," तो म्हणाला, "त्यानं मला माफ केलं."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, मारणार. तिनं हात उचलला नाही.

"त्यानं केलं असेल," आई म्हणाली. "रोज रात्री माझ्या हातचं खाल्लंत. मी त्याला शिव्या देत होते, तुम्ही ऐकत होतात. आणखी वाढू का विचारलं, तर ताट पुढे करत होतात."

काका आमच्या बाजूनं उतरून गेला. गॅरेजमधून त्यानं फक्त जेवणाचा डबा आणि चप्पल घेतली. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून बहिणीकडे निघून गेला.

डॉक्टरांनी गाडी नेली नाही. धाप ओसरल्यावर वळणापर्यंत येऊन टाकीचं झाकण उघडून त्यांनी थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं होतं. बाटली उन्हात धरली. पेट्रोल पाण्यासारखं स्वच्छ होतं. मी माझ्या हातानं घातलेलं ते लाल ऑइल... कुठेच नव्हतं. डॉक्टरांनी बाटली माझ्या हातात दिली आणि रुमालानं बोटं पुसत खाली जाऊन आपल्या मोटारीत बसले.

काका गेल्यावर आमच्या घरात जेवण मुकाट व्हायला लागलं. मला त्याचा राग यायचा आणि त्याच रागात त्याची आठवण यायची. सीटची शिवण वाकडी गेली की खालून, "बाई, ती सीट आहे, उशी नाही," असं ओरडणारं आता कुणी नव्हतं. ज्यानं माझा बाप मारला त्यानंच मला बापासारखं वाढवलं. आता मी कुणाला काय म्हणू?

आणि बाबा. आम्हाला न सांगता जाणार होते. कुठे, किती दिवस, परत येणार होते का, काही माहीत नाही.

एका संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातल्या टॉवेलकडे बघतच तिनं विचारलं.

"त्या दिवशी... तो माझ्याबद्दल काही बोलला का गं?"

"कोण? काका?"

"तो नाही."

मला तिच्याकडे बघवेना. आई इतके दिवस एवढंच मनात धरून बसली होती.

मी फोन उचलला आणि काकाच्या बहिणीकडे लावला. काका आतल्या खोलीत एकटाच राहतो, दार लावून घेतो, असं ती आधी मला म्हणाली होती. त्यानं फोन घेतला.

"काका, एकच विचारायचंय. बाबांनी त्या दिवशी आईचं नाव काढलं होतं का?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"नाही गं," तो म्हणाला. "त्या दिवशी नाही काढलं. थांब हं..."

आणि त्यानं फोन तोंडापासून लांब धरला. तरी मला ऐकू आलं. हळू, घरातल्याच माणसाशी बोलावं तसं...

"तुझी लेक आहे. वहिनींचं विचारतेय."



मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. पलीकडे कुणाचा आवाज आला नाही. खुर्ची सरकल्यासारखं काहीतरी वाजलं. बस्स.

काका परत फोनवर आला. आवाज ओशाळलेला होता.

"काही बोलत नाही गं तो," तो म्हणाला. "खिडकीबाहेर बघतोय नुसता."

मी फोन ठेवला. आई दारात येऊन उभी होती.

"काय म्हणाला?"

"काढलं होतं नाव," मी म्हणाले. "सगळ्यात आधी तुझंच काढलं."

आईनं मान हलवली. टॉवेल कपाटात ठेवला, दार लावलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो पुष्कळ वेळ चालू होता.

मी तिथेच बसून राहिले. त्या वळणावरून आमच्या घराचं छप्पर दिसतं. लहानपणी मी आणि बाबा कठड्यावर बसून ते शोधायचो. हाक मारली तर पोचेल एवढंच अंतर आहे.

आणि बाबा तिकडे, काकाकडे राहायला गेले.